आधी घासू नका, ३२ दिसतंय का बघा

जुन्या विमानाचा तुकडा कुणाच्या हाताला लागला की पहिलं काय होतं, तर तो घासला जातो. चिंच लावून, वायर ब्रशने, पॉलिश पेपरने, जे हाताशी असेल त्याने. मग चकचकीत पत्र्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, "दादा, हे कुठल्या विमानाचं सांग ना." आणि त्या पत्र्याला जे काही सांगायचं होतं ते सगळं त्या घासण्यात गेलेलं असतं. शाईचा शिक्का गेला, प्रायमरचा रंग गेला, एखादा अर्धवट उरलेला आकडा होता तोही गेला. खरंच खूप वाईट वाटतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, कारण आपल्या पुण्यातून दर सीझनला इतकी पोरं ईशान्येला ट्रेकला जातात आणि त्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या पायाखाली असा तुकडा येतोच.

माझं काम भोसरीत, इन्स्पेक्शनचं. दिवसभर ड्रॉइंग, मायक्रोमीटर, थ्रेड गेज. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा नाद कॉलेजपासूनचा, आणि आता हे दोन्ही एकत्र आलंय कारण माझा एक मित्र अरुणाचलमध्ये रस्त्याच्या प्रोजेक्टवर आहे, पासीघाटच्या वरच्या अंगाला, आणि तिथे एका गावात ज्यांच्याकडे त्याचं जाणंयेणं आहे त्या घरात विमानाचे काही तुकडे जपून ठेवलेत, घरातल्या आजोबांनी तरुणपणी जंगलातून आणलेले. तिकडे हे नवीन नाही, विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमची भांडी आणि हत्यारं बऱ्याच घरांत झाली. मित्राने फोटो पाठवले आणि विचारलं, बघ काय कळतंय का.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपान्यांनी ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता तोडला तेव्हा एप्रिल १९४२ पासून नोव्हेंबर १९४५ पर्यंत आसाममधल्या चबुआसारख्या धावपट्ट्यांवरून डोंगर ओलांडून कुनमिंगला सगळा माल विमानांनी जायचा. पेट्रोल, बॉम्ब, स्पेअर पार्ट, सगळं. या वाटेला वैमानिक 'हंप' म्हणायचे. वाईट हवामान, पंखांवर बर्फ, नकाशे अर्धवट, त्यात ५०० च्या वर विमानं गेली आणि कित्येक अजून जंगलातच आहेत. मालवाहू तर गेलीच पण बॉम्बरही गेले, कारण चीनमधल्या अमेरिकन ३०८ व्या बॉम्ब ग्रुपला आपलं पेट्रोल आणि आपले बॉम्ब स्वतःच हंपवरून वाहून न्यावे लागायचे.

म्हणजे तिथे सापडलेला तुकडा सी-४७ डकोटा किंवा सी-४६ या मालवाहूंचा असू शकतो, बी-२४ लिबरेटर या बॉम्बरचा असू शकतो, लिबरेटरवरूनच बनवलेल्या सी-८७ मालवाहूचा किंवा सी-१०९ पेट्रोल टँकरचा असू शकतो. "बॉम्बर सापडला" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे पण तसं नाही चालत.

पहिला फोटो होता एका इंजिन सिलिंडरचा. बाहेरून पातळ पातळ कंगोरे, एअर कूल्ड, म्हणजे रेडियल इंजिन (सिलिंडर गोलात मांडलेलं) एवढं कुणीही सांगेल. पण कुठलं? अख्खं इंजिन समोर असतं तर सिलिंडर मोजले असते, ९ असतील तर राइट सायक्लोन, बी-१७ बॉम्बरवर असायचं ते, १४ असतील तर ट्विन वास्प किंवा राइटचंच मोठं इंजिन, १८ असतील तर सी-४६ चं. इथे एकच सिलिंडर. मग मी मित्राला म्हटलं, तुमच्या साइटच्या वर्कशॉपमध्ये व्हर्नियर असेल, आतला व्यास घे, तीन ठिकाणी घे, गंज आहे तिथे घेऊ नको. त्याने घेतला आणि आकडा आला १४० मिमीला थोडा कमी.

हा आकडा बघून मला काय आनंद झाला सांगू. कारण ट्विन वास्प म्हणजे आर-१८३० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, साडेपाच इंच, १३९.७ मिमी. सी-४६ च्या आर-२८०० चा पावणेसहा इंच, १४६ मिमी. बी-१७ च्या आर-१८२० चा आणि बी-२५ बॉम्बरच्या आर-२६०० चा ६.१२५ इंच, म्हणजे १५५.६ मिमी. (या नावांतला आकडा म्हणजे सगळ्या सिलिंडरची मिळून क्षमता, घन इंचात.) एका मापात तीन विमानं बाद झाली. पण ट्विन वास्पची अडचण अशी की ती १ लाख ७३ हजारांच्या वर बनली आणि डकोटावरही होती, लिबरेटरवरही होती, पाण्यावर उतरणाऱ्या कॅटलिनावरही होती. त्यामुळे "ट्विन वास्प आहे म्हणजे लिबरेटर" असं कुणी लिहिलं की मी लगेच विचारतो, टर्बो कुठंय?

कारण खरा फरक तिथे आहे. लिबरेटर उंचावर उडायचं, प्रत्येक इंजिनच्या मागे खालच्या बाजूला जनरल इलेक्ट्रिकचा टर्बो सुपरचार्जर, धुराच्या जोरावर फिरून वरची विरळ हवा दाबून इंजिनला देणारा. डकोटाला तो नाही. आणि टर्बोचं चाक उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचं असल्यामुळे आग लागो, ऐंशी वर्षं पाऊस पडो, ते टिकतं. मित्राच्या दुसऱ्या फोटोत कोपऱ्यात चुलीजवळ एक जड चकती होती, कडेने बारीक बारीक पाती. तो फोटो त्याने त्या चकतीसाठी काढलाच नव्हता, तो काढला होता शेजारच्या पत्र्यासाठी. मी म्हटलं ती चकती उचल, उलटी कर, कडेचा क्लोजअप दे. टर्बोचं चाक.

आता त्या पत्र्याबद्दल. तो पन्हाळी पत्रा होता, आडव्या बारीक लाटांचा, एका कडेला पट्टी आणि त्या पट्टीला छोटी चाकं बसायची जागा. लक्ष्मी रोडवर दुकानाचं शटर वर गुंडाळून जातं ना, लिबरेटरच्या बॉम्ब बेचे, म्हणजे पोटातल्या बॉम्ब ठेवायच्या कप्प्याचे, दरवाजे तसेच, बाहेर न उघडता पोटाच्या बाजूने वर सरकत जाणारे. बी-१७ चे दरवाजे खाली उघडतात, बी-२५ चेही. मला तर जवळजवळ खात्री झाली होती, पण माझ्या खात्रीला काय किंमत, मी ते विमान फक्त फोटोत बघितलेलं. म्हणून मी आमच्या धानोरीतल्या काकांकडे गेलो.

काका एअरफोर्सला फिटर होते, लोहगावला. बऱ्याच पुणेकरांना हे माहीत नाही की युद्ध संपल्यावर जगभर लिबरेटर भंगारात गेली तेव्हा ती सगळ्यात शेवटपर्यंत चालवली आपल्या एअरफोर्सने, आणि त्यात आपलं लोहगाव होतं. ब्रिटिश जाताना कानपूरला चकेरीत लिबरेटर मोडतोड करून टाकून गेले, भारताला वापरता येऊ नयेत म्हणून, आणि बंगलोरच्या एचएएलने त्यातून चाळीसच्या आसपास विमानं परत उभी केली. त्यांचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून एकेक करत बंगलोरला उडवत नेली. पुढे ६ नंबर स्क्वाड्रनने पुण्यातून समुद्रावर टेहळणीसाठी ती वापरली, थेट १९६८ पर्यंत. अमेरिकेत टूसॉनच्या म्युझियममध्ये जे लिबरेटर उभं आहे ते १९६९ मध्ये पुण्याहून उडत गेलंय. लंडनच्या आरएएफ म्युझियमला १९७४ मध्ये दिलेलंही आपल्याकडचंच. लोहगावला विमान पकडायला जाताना रांगेत उभं राहून मला दर वेळी हेच आठवतं.

काकांनी फोन जवळ धरला, लांब धरला, मग चष्मा काढून बघितला.

"हा दरवाजा आहे. बॉम्ब बेचा. रोलर कुठे गेले याचे?"

"ते नाहीयेत काका, एवढंच आहे."

"हं. अरे हे दरवाजे आम्ही थोडे उघडे ठेवायचो, आत पेट्रोलचा वास भरायचा. टाक्यांतून झिरपायचं कुठूनतरी. क्रू पण उडताना फट ठेवायचे." मग त्यांनी सिलिंडरचा फोटो मागितला आणि म्हणाले, "खालचे सिलिंडर तेलाने भरतात रात्रभरात. सकाळी स्टार्ट करायच्या आधी प्रोपेलर हाताने फिरवायचा, दोघातिघांनी मिळून. नाही फिरवला आणि स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकलाच समज." हे सांगताना त्यांचे दोन्ही हात पुढे जाऊन पातं धरल्यासारखे खाली ओढत होते.

दरवाजामुळे सी-८७ बाद झालं, कारण त्या मालवाहूत बॉम्ब बे बंद करून सलग जमीन केलेली असायची. पण सी-१०९ टँकर शिल्लक राहतो, ते बी-२४ मध्येच टाक्या घालून बनवलेलं. इथे कामाला आली काडतुसं.

घरातल्या मुलांनी खेळायला ठेवलेली पितळी टोपणं होती, पॉइंट ५० ब्राउनिंग मशीनगनची. बुडावर अक्षरं, एसएल ४३. एसएल म्हणजे सेंट लुइस, ४३ म्हणजे वर्ष. त्यावरून एक सरळ गोष्ट कळते की विमान १९४३ च्या आधी पडलेलं नाही. वर्षावरून एवढंच म्हणता येतं, त्याच वर्षी पडलं असं नाही, हे लोक फार विसरतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुडाच्या मधोमध जो गोल प्रायमर असतो (रंगाचा नव्हे, गोळी पेटवणारी टोपी) त्यावर फायरिंग पिनचा खड्डाच नव्हता, आणि पितळ कडेने फाटलेलं. म्हणजे ती गोळी बंदुकीतून सुटलीच नाही, आगीत फुटली. म्हणजे भरलेले पट्टे विमानात होते. टँकरच्या बंदुका काढून टाकलेल्या असायच्या. तर आता मी म्हणायला तयार आहे की हा बॉम्बर आहे, बी-२४.

जाता जाता काडतुसांचंच एक, पुणेकरांसाठी. पॉइंट ३०३ चं टोपण सापडलं आणि बुडावर केएफ असेल तर ते आपल्या खडकीचं, किर्की फॅक्टरीचं, १८६९ पासूनची ती फॅक्टरी. तसं सापडलं की विचार ब्रिटिश किंवा भारतीय विमानाकडे वळवावा, पण जपून, कारण ३०३ पायदळाकडेही होतं आणि नंतर शिकाऱ्यांकडेही. तिथेही प्रायमरच बघायचा.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. पत्र्याची जाडी. अमेरिकन विमानाचा पत्रा इंचाच्या हजाराव्या भागात ठरलेला असतो, ०.०२५, ०.०३२, ०.०४०, ०.०५१. ब्रिटिश पत्रा एसडब्ल्यूजी गेजमध्ये, २२ गेज म्हणजे ०.०२८, २० गेज म्हणजे ०.०३६. मायक्रोमीटर चांगल्या कडेला लावला आणि ०.८१ मिमी आलं तर अमेरिकन, ०.९१ आलं तर ब्रिटिश, असा पहिला अंदाज बांधता येतो. गंजलेल्या जागी मोजायचं नाही, कारण हा पत्रा म्हणजे मध्ये ड्युरॅल्युमिन हा कडक मिश्रधातू आणि दोन्ही अंगांना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, अल्क्लॅड म्हणतात त्याला, आणि एकदा कडेने ओल आत शिरली की मधला गाभा पांढरी पूड होऊन फुगतो आणि पत्रा पापुद्र्यांनी सुटतो. तसंच बोल्टच्या आट्यांचं, अमेरिकन आटे ६० अंशांचे, ब्रिटिश व्हिटवर्थ ५५ चे, थ्रेड गेज लावला की उजेडात फट दिसतेच.

आणि रिव्हेट. रिव्हेटच्या डोक्याकडे बघा, भिंगातून. अमेरिकन रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध टाचणीएवढा खड्डा असेल तर तो एडी, सगळ्यात जास्त वापरलेला. खड्ड्याऐवजी बारीक उंचवटा असेल तर डी. समोरासमोर दोन उंच रेघा असतील तर डीडी, जास्त जोर येतो तिथे मारलेला. हे डीडी रिव्हेट उष्णता देऊन मऊ केले की फ्रीजमध्ये ठेवायचे, नाहीतर मारायच्या आधीच कडक होतात. मित्राच्या दरवाजाच्या पट्टीवर हे खड्डे मला फोटोत एकेक दिसत होते, कारण त्याने टॉर्च बाजूने, पत्र्याला अगदी चिकटवून आडवी धरली होती. समोरून फ्लॅश मारला असता तर सगळं सपाट आलं असतं. आणि हेच आकड्यांचंही, कोरलेला आकडा आडव्या उजेडात वर येतो.

तसाच एक आकडा वर आला. दरवाजाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे पिवळट हिरवा झिंक क्रोमेट प्रायमर अजून शाबूत आहे तिथे, ३२, मग एक अक्षर, मग पुढचे आकडे. कन्सॉलिडेटेड कंपनीचं मॉडेल ३२ म्हणजेच बी-२४, पार्ट नंबर ३२ ने सुरू होतात. कॅटलिना त्यांचंच मॉडेल २८, त्याचे २८ ने. नॉर्थ अमेरिकनच्या बी-२५ चे ६२, ८२, ९८, १०८ असे. ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरचे ३०० च्या आसपास, कारण सुपरमरीनचा टाइप ३००. ब्रिटिश इन्स्ट्रुमेंट असेल तर मुकुट आणि एएम, म्हणजे एअर मिनिस्ट्री, आणि ६ए ने सुरू होणारा स्टोअर नंबर, इलेक्ट्रिकलचा ५सी. हा ३२ चा नंबर कुणी घासला असता तर काय राहिलं असतं सांगा.

पण इथपर्यंत येऊनही आपल्याला कळलं काय, तर प्रकार. लिबरेटर १८ हजारांच्या वर बनली, सॅन डिएगो, फोर्ट वर्थ, टल्सा, डॅलस आणि फोर्डचा विलो रनचा कारखाना, तिथे तर जोरात असताना तासाला एक विमान बाहेर पडायचं. त्यातलं नेमकं कुठलं हे पार्ट नंबर नाही सांगत, पार्ट नंबर हजारो विमानांवर सारखा. ते सांगतो सीरियल नंबर. आणि अमेरिकन एअरफोर्सच्या बाबतीत एक फार मोठी सोय आहे, विमान बेपत्ता झालं की मिसिंग एअर क्रू रिपोर्ट भरायचे, १९४३ पासून, आणि त्या फॉर्मवर विमानाचा नंबर, क्रूची नावं, घरचे पत्ते यांच्याबरोबर चारही इंजिनांचे नंबर आणि मशीनगनचे नंबर लिहायची जागा होती. म्हणजे शेपूट जळून गेली, नाव पुसलं गेलं, तरी इंजिनवरची एक छोटी प्लेट किंवा मशीनगनच्या बॉडीवर ठोकलेला नंबर सापडला तरी त्यावरून अख्ख्या क्रूपर्यंत जाता येतं. फक्त एक लक्षात ठेवायचं की इंजिनं बदलली जायची, एकाचं काढून दुसऱ्याला बसवायचे, म्हणून एका इंजिनवर थांबायचं नाही, दोन नंबर जुळले पाहिजेत.

हे का एवढं धरून बसायचं? २५ जानेवारी १९४४ ला 'हॉट अ‍ॅज हेल' नावाचं बी-२४, नंबर ४२-७३३०८, कुनमिंगहून चबुआला येताना आठ जणांसह नाहीसं झालं. ते सापडलं २००६ मध्ये, अरुणाचलात दामरोच्या वरच्या डोंगरात, क्लेटन कुल्स या अमेरिकन शोधकाला. मग अमेरिकन सरकारच्या टीमने तिथे खोदकाम केलं, २०१६ मध्ये अवशेष दिल्लीतून मायदेशी गेले, आणि त्या क्रूपैकी रॉबर्ट ऑक्सफर्ड या लेफ्टनंटची ओळख पटली. २०१७ च्या जूनमध्ये जॉर्जियात त्याच्या कॉन्कर्ड गावी त्याला दफन केलं. ७३ वर्षांनी. घरच्यांनी तोवर काय धरून ठेवलं असेल. तेव्हा बाकीच्या सातांचे नातेवाईक अजून वाट बघत होते, आणि अशी घरं शेकडो आहेत.

म्हणून मित्राला मी कळकळीने सांगितलंय, जंगलात त्या जागेवर कुणी गेलं तर खणायचं नाही. काही उचलायचं नाही. हाडं दिसली तर एक पाऊलही पुढे नाही, थेट जिल्हा प्रशासनाला कळवायचं. बॉम्ब किंवा न फुटलेली काडतुसं दिसली तरी तेच, ऐंशी वर्षांनीही ती फुटू शकतात. फोटो काढायचे ते लांबून आधी, मग जवळून, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, जीपीएस चालू ठेवून. कुठला तुकडा कुठे पडलाय हाच अर्धा पुरावा, एक इंजिन इथे आणि दुसरं दोनशे मीटर खाली असेल तर विमान कुठून आलं आणि कसं आदळलं ते त्यावरून काढतात. प्रोपेलरची पाती कशी वाकलीत त्यावरूनही अंदाज येतो की इंजिन जोरात होतं की बंद पडलेलं. हे सगळं एकदा हललं की परत मांडता येत नाही. धूळ काढायचीच असेल तर मऊ ब्रश आणि साधं पाणी, आणि कोरलेला आकडा फोटोत येत नसेल तर वर कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवायची, कागदावर उमटतो.

घरात जे तुकडे आहेत ते त्या घराचे आहेत, तेही मी त्याला सांगितलं. "पुण्याला घेऊन येऊ का" असं तो म्हणाला होता, मी म्हटलं अजिबात नको. आजोबांनी ते सांभाळले म्हणून आज आपण वाचू शकतोय. आणि द्यायचेच ठरले त्यांच्याकडून तर पासीघाटला २०२३ मध्ये हंपचं म्युझियम सुरू झालंय, त्यात अशाच विमानांचे भाग ठेवलेत, ते जवळ आहे आणि तिथलंच आहे.

इंजिनं वर जंगलातच आहेत असं आजोबा म्हणतात. पावसाळा उतरला की गावातले दोघं आणि मित्र, प्रशासनाला आधी सांगून, तिथे जाणार आहेत, फक्त बघायला आणि प्लेटचा फोटो घ्यायला. आर-१८३० ची प्लेट कुठे शोधायची हे काकांनी कागदावर चित्र काढून दिलंय, इंजिनच्या पुढच्या भागावर, आणि खाली लिहिलंय "चिखल असेल, हाताने पुसा, खरवडू नका". तो कागद स्कॅन करून मी पाठवून दिला.

आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. लोहगावला पन्नास साठच्या दशकात लिबरेटरवर काम केलेली माणसं आता थोडी उरलीत. विश्रांतवाडी, खडकी, येरवडा, धानोरी इकडे कुणाचे आजोबा, काका त्यात असतील आणि घरात जुन्या वह्या, सर्व्हिसिंगचे कागद, विमानापुढे उभं राहून काढलेले ग्रुप फोटो असतील तर रद्दीत घालू नका. एचएएलने ती विमानं अनेक मोडक्या विमानांतून जोडली होती, त्यामुळे कुठल्या विमानावर कुठलं इंजिन, कुठला दरवाजा होता हे त्या वह्यांतच कुठेतरी असेल. खाली लिहा, मी स्वतः येऊन फोटो काढून घेईन, वही तुमच्याकडेच राहील.